तीनशेवीसांतला एक, अडीच हजारांतला एक

निपाणी-चिकोडी पट्ट्यात विडी वळणाऱ्या बाईचा दिवस हजारांत मोजतात. मजुरी ठरते हजार विड्यांवर, आणि हात बसलेली बाई दिवसाकाठी तेवढ्या वळते. मांडीवर सूप, सुपात कापून ठेवलेली पानं, पानात चिमूटभर जर्दा, वर दोऱ्याची गाठ. तोंडानं गप्पा चालू, हात चालूच. ही वळणाऱ्या बाजूची मोजणी. ओढणाऱ्या बाजूची मोजणी आपल्याकडे कुणी ठेवत नाही; ती परदेशातल्या डॉक्टरांनी करून ठेवली आहे. त्यांचं माप ‘पॅक-इयर’. रोज वीस सिगारेटींचं एक पाकीट असं वर्षभर ओढलं की एक पॅक-इयर भरतं, म्हणजे ७,३०० सिगारेटी. तीस पॅक-इयर म्हणजे २,१९,०००.

हा आकडा विड्यांचा मानला तर तो एका बाईचं २१९ दिवसांचं काम होतो. रविवार सोडले तर साडेआठ महिने. एका माणसाचा तीस वर्षांचा धूर एका बाईच्या मांडीवर साडेआठ महिन्यांत तयार होतो.

अर्थात विडी म्हणजे सिगारेट नव्हे. विडीत तंबाखू जेमतेम ०.२ ग्रॅम, सिगारेटीत त्याच्या तिप्पट-चौपट. पण पान नीट जळत नाही, विडी विझू नये म्हणून झुरके जास्त आणि खोल घ्यावे लागतात, आणि कमी तंबाखूतूनही निकोटिन, टार, कार्बन मोनॉक्साइड भरपूर आत जातात. २०१६-१७च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत विडी ओढणारे प्रौढ निघाले ७.२ कोटी, आणि रोज ओढणाऱ्याची सरासरी दिवसाला १५ विड्या. सगळेच रोज ओढतात असं धरलं तर दिवसाला १०८ कोटी विड्या होतात. तेवढ्या वळायला रोज १० लाख ८० हजार बायकांनी पूर्ण दिवस बसायला हवं. देशात विडी कामगारांचा सरकारी आकडा सुमारे ५० लाख आहे, तेव्हा हिशेब फार हवेत नाही.

आता यातल्या एखाद्या ओढणाऱ्याला, तीस वर्षं विडी ओठांत धरलेल्या पंचावन्न-साठ वर्षांच्या माणसाला, सीटी स्कॅनच्या टेबलावर झोपवावं का? काही त्रास नाही, खोकला नाही, रक्त पडत नाही, तरीही? आणि झोपवलं तर त्या यंत्रातल्या किरणांनीच उद्या कर्करोग केला तर? बेळगावात आता कर्करोगाचं मोठं रुग्णालय आहे. केएलईच्या नव्या कर्करोग रुग्णालयाचं उद्घाटन ३ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी केलं. निपाणीकराला कोल्हापूर जवळ, मिरजही फार लांब नाही. यंत्रं आवाक्यात आली आहेत. त्यामुळे प्रश्न आता घरात येऊन बसला आहे.

या प्रश्नावरचं सगळ्यात मोठं उत्तर अमेरिकेतून आलं. २००२ ते २००४ या काळात तिथल्या ३३ केंद्रांवर ५३,४५४ माणसं निवडली. वय ५५ ते ७४, निदान तीस पॅक-इयर धूर छातीत गेलेला, सिगारेट सोडली असेल तर गेल्या पंधरा वर्षांतच. निम्म्यांचा वर्षाला एक असे तीन वेळा छातीचा लो-डोस सीटी, निम्म्यांचा साधा एक्स-रे. निकाल २०११ मध्ये छापून आला. एक्स-रेच्या गटात फुफ्फुसाच्या कर्करोगानं ४४३ माणसं गेली, सीटीच्या गटात ३५६. फरक ८७ जणांचा. टक्केवारीत वीस टक्के मरणं कमी झाली, आणि वैद्यकशास्त्रात हा आकडा जोरात वाजला, कारण फुफ्फुसाच्या कर्करोगाला आधी पकडून मरण कमी करणारं काहीही त्याआधी सापडलं नव्हतं. पण तोच आकडा दुसऱ्या बाजूनं मांडला की वेगळा दिसतो. सुमारे पाऊण लाख सीटी काढले तेव्हा ८७ माणसं वाचली. संशोधकांच्या हिशेबानं ३२० जणांना तपासलं की एकाचं फुफ्फुसाच्या कर्करोगाचं मरण टळतं. उरलेल्या ३१९ जणांना या खटाटोपातून आयुष्य काही मिळत नाही. त्यांना मिळतात किरण, आणि अनेकांना घोर.

नंतर हॉलंड-बेल्जियमच्या नेल्सन चाचणीतही, १३,१९५ पुरुषांवर, दहा वर्षांत २४ टक्के घट दिसली. त्यामुळे हे योगायोगाचं प्रकरण नाही हे पक्कं झालं. २०२१ पासून अमेरिकेत ५० ते ८० वयाच्या आणि वीस पॅक-इयर भरलेल्या माणसांना वर्षाला एक स्कॅन सुचवतात. वीस पॅक-इयर म्हणजे आपल्या मापात १४६ दिवसांच्या विड्या.

यंत्र नेमकं करतं काय, तेही आकड्यांतच बघण्यासारखं आहे. पहिला सीटी स्कॅन १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात झाला. यंत्र घडवणारा गॉडफ्रे हाउन्सफील्ड ईएमआय कंपनीत नोकरीला होता. हीच ईएमआय तेव्हा आपल्या एचएमव्हीची मालक होती. म्हणजे ज्या कंपनीच्या तबकड्यांवर महाराष्ट्रानं नाट्यसंगीत ऐकलं, तिच्याच प्रयोगशाळेत मेंदूच्या आत डोकावणारं यंत्र तयार झालं. त्या पहिल्या यंत्रानं एका थरासाठी १८० कोनांतून प्रत्येकी १६० मापं घेतली, एकूण २८,८००, आणि त्यावरून ८० बाय ८० म्हणजे ६,४०० चौकटींचं चित्र काढलं. आजच्या यंत्रात एका थराच्या चौकटी ५१२ बाय ५१२ असतात. छातीचे मिलिमीटरभर जाडीचे तीनशे थर धरा. ७ कोटी ८६ लाख ठिपके होतात. यात पाच मिलिमीटरची गाठ लपली असेल तर तिच्या वाट्याला येतात सुमारे १३० ठिपके. सहा लाखांत एक. रेडिओलॉजिस्ट हे शोधतो, तेही दिवसाच्या कितव्या तरी रुग्णाच्या फिल्मवर.

आणि सापडलेली गाठ ‘लवकर’ सापडली असं आपण म्हणतो, त्यालाही आकड्यांची हरकत आहे. पाच मिलिमीटरच्या गाठीत साधारण साडेसहा कोटी पेशी मावतात. एका बिघडलेल्या पेशीपासून तिथं पोचायला २६ वेळा दुप्पट व्हावं लागतं. शरीर चालू शकणार नाही एवढा, किलोभराचा भार व्हायला एकूण ४० वेळा. म्हणजे यंत्राला पहिल्यांदा दिसते तेव्हा गाठीनं आपल्या प्रवासाचा दोनतृतीयांश भाग संपवलेला असतो. शंभर दिवसांत दुप्पट होणारी गाठ असेल तर दिसण्याआधीची सात वर्षं गेली, आणि दिसल्यानंतरची उरली चार वर्षांहून कमी. त्या चार वर्षांत हात घालायचा असतो. छातीत दुखायला लागेपर्यंत थांबलं तर त्यातलीही बरीच संपतात. भारतात २०२२ साली फुफ्फुसाच्या कर्करोगाचे अंदाजे ८१,७०० नवे रुग्ण आणि ७५,००० मृत्यू झाले. रुग्ण आणि मृत्यू या दोन आकड्यांत एवढं थोडं अंतर असलेले कर्करोग फार नाहीत.

आता किरण.

क्ष-किरणांची भीती बहुतेकांना त्यांच्या ताकदीची वाटते, आणि इथंच पहिला धक्का बसतो. ४ ग्रे, म्हणजे ४,००० मिलिग्रे (किलोमागे ४ ज्यूल ऊर्जा), एवढा मारा सगळ्या अंगावर एकदम झाला आणि उपचार मिळाले नाहीत तर निम्मी माणसं मरतात. ७० किलोच्या माणसात त्यातून उतरलेली एकूण ऊर्जा २८० ज्यूल. म्हणजे चमचाभर गरम चहातून पोटात जाते तेवढी उष्णता. थर्मामीटर लावला तर अंगाचं तापमान अंशाच्या हजाराव्या भागाच्या आसपासच हललेलं असेल. चहा आणि मरण यांत फरक ऊर्जेचा नाही, ती कुठं उतरते याचा आहे. चहाची उष्णता सगळ्या रेणूंत वाटली जाते. किरणांची ऊर्जा एकेका ठिकाणी टोचली जाते, आणि अधूनमधून ते ठिकाण डीएनएचा धागा असतो.

साध्या छातीच्या सीटीत उतरणारी ऊर्जा याच्या हजारो पट कमी, ज्यूलचा सातवा-आठवा हिस्सा. पण किरणांचे कण मोजायला गेलं तर ढोबळमानानं दहा-पंधरा लाख कोटी भरतात. अंगात पेशी सुमारे तीस लाख कोटी. डीएनएचे दोन्ही धागे तुटणं ही सगळ्यात वाईट इजा. एका ग्रेला पेशीमागे अशा तुटी ३५ ते ४०. फुफ्फुसाला दहा मिलिग्रे मिळाले तर दर तिसऱ्या पेशीत एक तूट. आकडा अंगावर येतो खरा, पण त्याच पेशीत श्वासोच्छ्वास आणि पचन यांच्याच धुमाळीत, काही अंदाजांनुसार, रोज दहा ते पन्नास अशा तुटी होतात आणि बहुतेक जोडल्याही जातात. एखादी चुकीची जोडली जाते. त्या चुकीचा आकडा काढणं हेच सगळं भांडण.

मिलिसिव्हर्ट, म्हणजे किरणांनी होऊ शकणारी इजा मोजायचं माप, हे या भांडणातलं नाणं. जमिनीतून, आकाशातून, अन्नातून जगातल्या सरासरी माणसाला वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट आपोआप मिळतात. छातीचा एक्स-रे ०.१च्या आत. छातीचा साधा सीटी ७च्या आसपास. लो-डोस सीटी दीड. कैगाच्या अणुभट्टीबाबत कारवारपासून बेळगावापर्यंत गेली चाळीस वर्षं लोक अस्वस्थ आहेत, आणि प्रश्न विचारणं त्यांचा हक्कच आहे. पण अणुभट्टीबाहेरच्या नागरिकासाठी कायद्यानं ठरवलेली वर्षाची मर्यादा १ मिलिसिव्हर्ट आहे. एक साधा सीटी म्हणजे त्या मर्यादेची सात वर्षं, काही सेकंदांत. दवाखान्यातल्या किरणांना रुग्णासाठी अशी मर्यादा नाही. डॉक्टरनं फायदा पाहून ठरवावं, एवढंच तत्त्व आहे.

धोका किती, याचं उत्तर हिरोशिमा-नागासाकीहून येतं. तिथल्या १,०५,४२७ माणसांच्या नोंदी पिढीभर ठेवल्या. १९५८ ते १९९८ या काळात त्यांच्यात १७,४४८ कर्करोग झाले. त्यातले अणुबॉम्बच्या किरणांमुळे किती? सुमारे ८५०. बाकीचे जपानमध्ये कुणालाही झाले असते ते. हा आकडा पहिल्यांदा वाचला की लोक छापण्यातली चूक समजतात. बॉम्बच्या मोठ्या माऱ्यावरून सीटीच्या छोट्या माऱ्याकडे सरळ रेषा ओढली, मारा निम्मा तर धोका निम्मा असं धरलं, तर अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या २००६च्या अहवालाप्रमाणे असं निघतं: शंभर माणसांना प्रत्येकी १०० मिलिसिव्हर्ट मिळाले तर आयुष्यभरात एकाला जास्तीचा कर्करोग होईल, आणि ४२ जणांना इतर कारणांनी होणारच आहे. दहा मिलिसिव्हर्टला हजारात एक. ही सरळ रेषा अगदी तळापर्यंत खरी आहे का, यावर शास्त्रज्ञांत एकमत नाही. केरळात कोल्लमजवळच्या करुणागप्पल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइटची वाळू आहे, थोरियमवाली. तिथले लोक पिढ्यानपिढ्या इतरांहून जास्त किरणांत राहतात. तिथल्या ६९,९५८ जणांवर सरासरी दहा वर्षं नजर ठेवली, १,३७९ कर्करोग नोंदले, आणि जास्त किरण मिळालेल्यांना जास्त कर्करोग असं काही दिसलं नाही. पण थोडे थोडे वर्षभर मिळणारे किरण आणि सेकंदात मिळणारे किरण यांचा परिणाम एकच असेल असं नाही. मी स्वतः सरळ रेषेचा हिशेब धरतो. चुकला तर सावध बाजूला चुकेल.

तर सरळ रेषेनं अमेरिकन चाचणीचा हिशेब करा. तीन वर्षांत तपासणीचे स्कॅन आणि संशय आल्यावर पुन्हा काढलेले स्कॅन मिळून माणशी सरासरी ८ मिलिसिव्हर्ट. २०१२ मध्ये तज्ज्ञांच्या एका गटानं काढलं की २,५०० जणांना तपासलं तर किरणांमुळे एकाचा कर्करोगानं मृत्यू होऊ शकेल. एका बाजूला ३२० मध्ये एक वाचतो, दुसऱ्या बाजूला २,५०० मध्ये एक जातो. आठ वाचतात तेव्हा एक जातो. इटलीत ५,२०३ जणांना दहा वर्षं दरवर्षी स्कॅन केलं, तिथं हिशेब आणखी सौम्य निघाला: १०८ फुफ्फुसाचे कर्करोग सापडले तर किरणांनी होणारा एखादा मोठा कर्करोग.

तंबाखूच्या मुलखात किरणांची गोष्ट इथं संपत नाही. १९६४ साली हार्वर्डच्या रॅडफर्ड आणि हंट यांनी सिगारेटच्या धुरात पोलोनियम-२१० असल्याचं दाखवलं. तंबाखूच्या पानावर बारीक, चिकट लव असते. पानं खुडणाऱ्याच्या हाताला तो चिकटा लागतो हे निपाणीच्या शिवारात सांगावं लागत नाही. हवेतल्या रेडॉन वायूपासून तयार होणारे किरणोत्सारी कण त्या लवेत अडकतात, काही भाग फॉस्फेट खतातून येतो, आणि झुरक्याबरोबर फुफ्फुसाच्या फाट्यांवर जाऊन बसतो. त्यातून मिळणारा मारा किती, याचे अंदाज एकमेकांपासून इतके लांब आहेत की मी त्यातला एकही इथं देत नाही. पण सीटीच्या किरणांना घाबरून विडी पेटवणाऱ्या माणसाला एवढं माहीत असायला हरकत नाही.

१९८१च्या मार्च-एप्रिलमध्ये याच तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग अडवला होता, ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला, शेतकरी मेले. त्या लढ्यात किलोचा हिशेब होता आणि तो रास्तच होता. फुफ्फुसांचा हिशेब कुणाच्याच मागणीपत्रात नव्हता.

तो हिशेब आज कागदावर मांडून बघू. २०११च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४७ लाख ८० हजार. देशाची सरासरी लावली तर विडी ओढणारे प्रौढ अडीच लाखांच्या घरात. त्यातले पन्नाशी ओलांडलेले, तीस वर्षं ओढणारे समजा ५० हजार. हा आकडा मानलेला आहे, पण त्यावर खरे दर लावता येतात. ५० हजारांना वर्षाला एक असे तीन लो-डोस सीटी म्हणजे दीड लाख स्कॅन, साडेचार कोटी थर. एक रेडिओलॉजिस्ट दिवसाला ४० स्कॅन वाचत असेल आणि वर्षाला ३०० दिवस बसत असेल तर साडेबारा वर्षं. यातून वाचतील सुमारे १५६ माणसं. किरणांनी जातील २०. आणि अमेरिकन दरानं ३९ टक्के, म्हणजे साडेएकोणीस हजार जणांना तीन वर्षांत कधी तरी सांगितलं जाईल की फुफ्फुसात काही तरी दिसतंय.

लोक २० या आकड्याला घाबरतात. माझी झोप उडवतो साडेएकोणीस हजार. कारण अमेरिकेत असं ‘काही तरी’ दिसलेल्यांपैकी ९६ टक्के प्रकरणांत कर्करोग नव्हता. तरी त्यांच्यापैकी कुणाला सुई घातली, कुणाची छाती उघडली, आणि कर्करोग नसलेली सहा माणसं त्या तपासण्यांनंतर साठ दिवसांच्या आत गेली. त्यांचं मरण किरणांच्या रकान्यात येत नाही.

आणि हे दर अमेरिकेचे आहेत, जिथं क्षयरोग जवळजवळ नाही. भारतात २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं क्षयाचे २८ लाख नवे रुग्ण होते. फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या चौतीस पट. क्षय बरा झाला तरी फुफ्फुसात डाग, गाठी, चुन्याचे ठिपके ठेवून जातो, आणि विडीवाल्याला क्षय होण्याची शक्यता इतरांहून जास्त. म्हणजे ज्या माणसाला स्कॅनचा सगळ्यात जास्त उपयोग, त्याच्याच फुफ्फुसात खोट्या सावल्याही सगळ्यात जास्त. उलट्या दिशेनंही फसगत होते: खरोखरची गाठ क्षय समजून महिनोन्‌महिने गोळ्या चालू राहतात, आणि त्या चार वर्षांतला काळ जातो. आपल्या भागात असं स्क्रीनिंग उभं करायचं तर आधी गाठ किती मोठी झाल्यावर पुढं जायचं आणि कधी फक्त तीन महिन्यांनी पुन्हा बघायचं, याचे नियम क्षयाच्या मुलखाला शोभतील असे ठरवावे लागतील. नेल्सनवाल्यांनी नुसत्या आकारापेक्षा वाढीचा वेग मोजला, त्यामुळे त्यांच्याकडे खोट्या हाका बऱ्याच कमी आल्या. आपल्याला तोच रस्ता बरा.

विडीवाल्याचा हिशेब असा अवघड, पण त्याच्या बाजूनं झुकणारा. दुसऱ्या एका माणसाचा हिशेब सोपा आहे आणि पूर्ण विरुद्ध झुकतो. चाळिशीतला, विडी-सिगारेट न ओढणारा, बरी नोकरी असलेला, कुणा मित्राला कर्करोग झाला म्हणून हादरलेला. त्याला ‘डोक्यापासून पायापर्यंत एकदा बघून घ्या’ म्हणून सगळ्या अंगाच्या स्कॅनचं पॅकेज मिळतं, वाढदिवसाला सवलतही. ब्रेनर आणि एलिस्टन यांनी २००४ मध्ये मांडलेला अंदाज असा: पंचेचाळिसाव्या वर्षी सगळ्या अंगाचा एकच सीटी काढला तर किरणांनी कर्करोग होऊन मरण्याचा धोका १,२०० मध्ये एक. पुढं पंचाहत्तरीपर्यंत दरवर्षी काढला तर पन्नासात एक. बदल्यात फायदा? निरोगी माणसाला अशा स्कॅननं आयुष्य वाढतं असं कोणत्याही चाचणीनं दाखवलेलं नाही. इथं पैसे देऊन विकत घेतलेली गोष्ट बहुतेक वेळा घोरच असते.

विडी वळणाऱ्या बाईचं काय? ती दिवसभर तंबाखूच्या धुळीत बसते, खोकते, पण ओढत नाही. तिलाही स्कॅन करा, असं कुणी तरी चांगल्या मनानं म्हणेल. तैवाननं हा अनुभव घेतला आहे. तिथं न ओढणाऱ्या बायकांचं लो-डोस सीटी मोठ्या प्रमाणावर होऊ लागलं. २००४ ते २०१८ या काळात बायकांत पहिल्या पायरीच्या कर्करोगाची नोंद सहा पटींनी वाढली, पण शेवटच्या पायरीचे कर्करोग कमी झाले नाहीत. कधीच त्रास न देणाऱ्या गाठी सापडत गेल्या, आणि त्यासाठी फुफ्फुसाचे तुकडे कापले गेले. दक्षिण कोरियात थायरॉइडचं असंच झालं, तिथं सोनोग्राफीमुळे: वीस वर्षांत रुग्ण पंधरा पट, मरणं जिथल्या तिथं.

त्या बाईला वाचवणारी तपासणी वेगळी आहे, आणि तिच्यात एकही किरण नाही. बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयानं १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ बायकांवर मोठी चाचणी केली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी आयुष्यात एकदाच एचपीव्हीचा नमुना घेतलेल्या गटात ३४ बायका त्या कर्करोगानं गेल्या, काहीच तपासणी न झालेल्या गटात ६४. गटांचे आकार साधारण सारखे, मरणं जवळजवळ निम्मी. मुंबईत टाटा रुग्णालयानं झोपडपट्ट्यांतल्या दीड लाख बायकांवर केलेल्या चाचणीत आरोग्यसेविका कापसाच्या बोळ्यानं पातळ व्हिनेगर लावून बघत. मरणं ३१ टक्क्यांनी कमी झाली. केरळात तिरुवनंतपुरमला तंबाखू खाणाऱ्या आणि दारू पिणाऱ्या लोकांची तोंडं नुसती नीट उजेडात बघितली, तोंडाच्या कर्करोगाची मरणं ३४ टक्क्यांनी खाली आली. महायंत्राच्या वीस टक्क्यांशेजारी हे आकडे ठेवून बघा. देशात तोंडाच्या कर्करोगाचे नवे रुग्ण वर्षाला १ लाख ४३ हजारांच्या पुढं, फुफ्फुसाच्या पावणेदोन पट. सरकारी कार्यक्रमात तिशीनंतरच्या प्रत्येकाचं तोंड, आणि बायकांचे स्तन व गर्भाशयमुख तपासणं आधीच आहे, आशाताई फॉर्म भरून नेतात. पुढं काय होतं ते गावागावाप्रमाणे.

म्हणून मला कुणी विचारलं तर मी माणूस बघून उत्तर देतो. पन्नाशी उलटलेला, वीस-तीस पॅक-इयर भरलेला, अजून ऑपरेशन सोसेल एवढा धडधाकट असेल, तर लो-डोस सीटीबद्दल छातीच्या डॉक्टरशी बोलावं. आठास एकचा सौदा वाईट नाही. पण त्याच दिवशी विडीही सोडावी, कारण सोडल्यावर दहाएक वर्षांत या कर्करोगानं मरण्याचा धोका निम्म्यावर येतो, आणि वीस टक्क्यांच्या यंत्राला तेवढं जमत नाही. बाकीच्यांनी स्कॅनच्या पॅकेजचे पैसे वाचवावेत.

आणि ज्यांचा स्कॅन होणार आहे त्यांनी सेंटरवर एक गोष्ट मागून घ्यावी. प्रत्येक सीटी यंत्र स्कॅन संपला की स्वतःच एक डोस रिपोर्ट तयार करतं. त्यात डीएलपी नावाचा आकडा असतो, मिलिग्रे-सेंटिमीटरमध्ये. छातीच्या स्कॅनसाठी त्याला ०.०१४ नं गुणायचं. ५०० असेल तर ७ मिलिसिव्हर्ट, म्हणजे नेहमीचाच सीटी झाला. १०० असेल तर १.४, म्हणजे खरोखर लो-डोस. काही सेंटर हा आकडा फिल्मवर छापतात, काहींच्या संगणकातच राहतो. यंत्र तेच, माणूस तोच, फरक टेक्निशियननं निवडलेल्या सेटिंगचा. तेव्हा सेटिंग लो-डोसचं आहे ना, हे टेबलावर झोपण्याआधीच विचारलेलं बरं.